'वास्तवदर्शी दर' : विमागणितशास्त्राची पदवी, तिच्या प्रवेशाच्या अटी आणि लिंबागणेशचा विद्यार्थी

पीकविम्यासंबंधीच्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांत 'वास्तवदर्शी दर' असा एक शब्दप्रयोग आढळतो. 'वास्तवदर्शी' हे विशेषण मराठी वाचकास कथा-कादंबरीच्या समीक्षेतून परिचित आहे. तेच विशेषण विम्याच्या हप्त्यास लागलेले पाहून तो क्षणभर थबकल्याशिवाय राहत नाही. मूळ इंग्रजी संज्ञा 'ॲक्चुअरिअल' अशी आहे. 'ॲक्चुअल', म्हणजे प्रत्यक्षातील, हा शब्द आणि ही संज्ञा एकाच लॅटिन कुळातील खरी; परंतु त्यांच्या वाटा फार पूर्वीच निराळ्या झाल्या. रोमन काळी 'आक्टुआरिउस' म्हणजे कामकाजाची टिपणे घेणारा लेखनिक. लंडनमध्ये १७६२ साली स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीने आपल्या प्रमुख अधिकाऱ्यास 'ॲक्चुअरी' हे नाव दिले. पुढे त्या पदावरील माणसांस आयुर्मानाचे आणि व्याजाचे गणित करणे भाग पडले, आणि लेखनिकाचा शब्द गणिताकडे सरकला. शासकीय भाषांतरकाराची दृष्टी या इतिहासापेक्षा शब्दाच्या बाह्य रूपावर अधिक गेली असावी. तथापि ही गल्लत अगदीच निरुपयोगी झाली असे म्हणता येणार नाही. सवलत, अनुदान आणि दयामाया बाजूस ठेवून केवळ जोखमीच्या हिशेबाने जो दर निघतो तो 'वास्तवदर्शी', असा अर्थ त्या शब्दास आता व्यवहारात प्राप्त झाला आहे.

हा हिशेब करणारा तो विमागणिती, आणि त्याचे शास्त्र ते विमागणितशास्त्र. मराठीत 'विमागणितज्ञ' असेही रूप आढळते. हिंदीने 'बीमांकिक' हा शब्द घडविला आहे. या शास्त्राच्या पदवीस प्रवेश कोणास मिळतो, पदवीसाठी काय काय पुरे करावे लागते, आणि बीड जिल्ह्यातील एखाद्या गावाच्या विद्यार्थ्यास त्या वाटेवर नेमके काय अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी प्रथम त्या गावाकडे वळावयास हवे.

लिंबागणेश हे बीड तालुक्यातील, बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातील गाव. भालचंद्र गणपतीच्या स्थानामुळे ते भाविकांस परिचित आहे. पीकविम्याच्या कागदांत मात्र त्याची ओळख महसूल मंडळ अशी आहे. मंडळ हा या योजनेतील हिशेबाचा घटक होय. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत एखाद्या मंडळातील पिकाच्या मागील सात वर्षांच्या सरासरी उत्पन्नांतून सर्वांत चांगली पाच वर्षे निवडतात, त्यांची सरासरी काढतात आणि तीस जोखीमस्तराने गुणतात. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के धरला जातो. येणाऱ्या संख्येस शासकीय मराठीत 'उंबरठा उत्पन्न' असे सुरेख नाव आहे. 'वास्तवदर्शी' या शब्दाबाबत भाषांतरकारास दोष द्यावयाचा असेल तर 'उंबरठा' या शब्दाबद्दल त्याचे ऋणही मानावयास हवे.

समजा, एखाद्या मंडळात सोयाबीनचे हेक्टरी उत्पन्न सात वर्षांत अनुक्रमे ११००, ४००, १२५०, ९००, १०००, ६०० आणि ११५० किलो आले. उत्तम पाच वर्षांची बेरीज ५४००, सरासरी १०८०, आणि तिचे ७० टक्के म्हणजे ७५६ किलो. हा झाला उंबरठा. चालू वर्षी मंडळाची सरासरी ३७८ किलोवर आली तर तूट उंबरठ्याच्या निम्मी होते, म्हणून विमा संरक्षित रकमेच्या निम्मी भरपाई मिळावयाची. सरासरी ७६० किलो आली तर काहीही मिळावयाचे नाही. मग मंडळातील एखाद्या शिवारात शेंगही भरलेली नसो. (स्थानिक आपत्तीसाठी योजनेत निराळी तरतूद आहे, ती येथे सोडून दिली आहे.)

याच सात आकड्यांवरून 'वास्तवदर्शी दर' कसा निघतो हेही पाहता येते. या सात वर्षांपैकी ४०० आणि ६०० किलोची दोनच वर्षे उंबरठ्याखाली जातात. पहिल्यात तूट सुमारे ४७.१ टक्के, दुसऱ्यात सुमारे २०.६ टक्के; दोहोंची बेरीज ६७.७. ती सात वर्षांवर वाटली असता वर्षाला सुमारे ९.७ टक्के येते. अर्थात शंभर रुपयांच्या संरक्षणास विमा कंपनीने खर्च व नफा न धरताही ९ रुपये ७० पैशांच्या आसपास घेतले तरच तिचे तोंडमिळवणी होईल. खरिपातील अन्नधान्ये व गळिताची पिके यांसाठी शेतकऱ्याचा वाटा जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी व फळपिकांस ५ टक्के एवढाच ठेवलेला आहे. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरतात. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याकडून केवळ एक रुपया घेतला जात असे. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद होऊन मूळ वाटे पुन्हा लागू झाले. विमागणिती हा हिशेब एवढ्यावर सोडून देत नाही, हे सांगणे नलगे. सात वर्षे हा फार थोडा पुरावा आहे, त्यात एखादे वर्ष अपवादात्मक असू शकते, पाऊस बदलत चालला आहे, पेरा बदलतो. या अनिश्चिततेस संख्येत कसे बसवावयाचे, येथूनच त्याच्या शास्त्राचा खरा आरंभ होतो.

वैयक्तिक शेताऐवजी क्षेत्राची सरासरी हा पाया मानण्याचा विचार ज्यांनी भारतात आग्रहाने मांडला ते अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील होते. प्रत्येक शेताची पाहणी करण्याचा खर्च विम्यास पेलणार नाही, आणि भरपाईच्या आशेने मशागतीत होणारी हयगयही टाळता येणार नाही, हे त्यामागील प्रमुख कारण. १९७९ च्या प्रायोगिक योजनेपासून ही पद्धत देशात रूढ झाली. क्षेत्रपद्धतीचा गुण आणि तिचा अन्याय ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, हे मात्र वरील ७६० किलोच्या उदाहरणावरून दिसून येईल.

बीडचे नाव या शास्त्राच्या चर्चेत आले ते २०२० साली. सततच्या अवर्षणामुळे या जिल्ह्यात भरपाईचे प्रमाण मोठे राहिले, आणि जिल्ह्याचा विमा घेण्यास कंपन्या पुढे येईनात. अखेर २०२० च्या खरिपात भारतीय कृषी विमा कंपनीने एका निराळ्या करारावर ही जबाबदारी स्वीकारली. तो करार 'बीड पॅटर्न' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचे सूत्र असे : जमा हप्ता १०० धरला तर ११० पर्यंतची भरपाई कंपनीने द्यावयाची, त्यापलीकडील राज्याने. भरपाई ८० पेक्षा कमी झाली तर कंपनीने २० स्वतःकडे ठेवून बाकी राज्यास परत करावयाचे. भरपाई १३० झाल्यास कंपनी ११० व राज्य २० देईल. भरपाई ४० झाल्यास कंपनी २० ठेवून ४० परत करील. २०२२ पासून हे सूत्र राज्यभर स्वीकारले गेले. यात कोणाची जोखीम किती उतरली आणि कोणाचा लाभ किती मर्यादित झाला, हे ठरविणे शुद्ध विमागणिताचे काम आहे. ज्यांच्या शिवाराचे हे गणित आहे, ती माणसे ते गणित करणाऱ्यांत जवळजवळ नसतात, ही वस्तुस्थितीही येथे नोंदविणे आवश्यक आहे.

ही वस्तुस्थिती आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकात भारतात धंदा करणाऱ्या विलायती विमा कंपन्या भारतीयांचा जीव 'कमी प्रतीचा' मानून त्यांच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० च्या सुमारास मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांस नेहमीच्या दराने विमा देण्यास आरंभ केला. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल कंपनी निघाली. १९१२ च्या कायद्याने हप्त्यांची कोष्टके व नियतकालिक मूल्यांकन यांस विमागणितीचा दाखला आवश्यक ठरविला. १९५६ साली तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले व २४५ विमासंस्थांचे मिळून आयुर्विमा महामंडळ मुंबईत स्थापन झाले. भारतीयांच्या मृत्युमानाची कोष्टके भारतीयांच्या नोंदींवरून तयार होऊ लागली तेव्हा कोठे जादा हप्त्यामागील समज तपासून पाहण्याचे साधन हाती आले. ज्याची मोजणी होते त्याच्या बाजूचा कोणी मोजणाऱ्यांत असला म्हणजे काय फरक पडतो, हे या इतिहासावरून ध्यानात येईल.

आता पदवीकडे वळू. येथे एक गैरसमज प्रथमच दूर करावयास हवा. विमागणितशास्त्राची पदवी मिळविणारा त्या पदवीमुळे विमागणिती होत नाही. भारतात ही उपाधी विद्यापीठ देत नाही. २००६ च्या विमागणितीविषयक कायद्याने स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया' ही संस्था ती देते. १९४४ साली स्थापन झालेल्या 'ॲक्चुअरिअल सोसायटी ऑफ इंडिया'ची ती उत्तराधिकारी होय. म्हणून या वाटेस दोन दरवाजे आहेत, एक विद्यापीठाचा आणि दुसरा संस्थेचा. दोहोंच्या अटी निराळ्या आहेत. जाहिरातींत 'ॲक्चुअरिअल' हे विशेषण मिरविणाऱ्या अभ्यासक्रमांची संख्या अलीकडे वाढली आहे. पालकाने कर्ज काढण्यापूर्वी आपण कोणत्या दरवाजाचे शुल्क भरीत आहोत हे विचारून घ्यावे.

संस्थेच्या दरवाजावर बारावीनंतर सरळ येणाऱ्यासाठी प्रवेशपरीक्षा आहे. तिची रूढ रचना अशी : तीन तास, बहुपर्यायी ७० प्रश्न, १०० गुण, उत्तीर्ण होण्यास ५० गुण. गणित व संख्याशास्त्र यांस मिळून ६० गुण असून उरलेले इंग्रजी, आकडेवारीचा अन्वयार्थ आणि तर्क यांत वाटलेले आहेत. परंतु परीक्षेस बसण्याची किमान पात्रता पाहिली म्हणजे भाषेच्या अभ्यासकास थोडे आश्चर्य वाटते. बारावी, आणि तीत इंग्रजी हा एक विषय असणे, अशी ती अट आहे. गणिताचे नाव तेथे नाही. गणित न येणारा परीक्षेतच गळेल, त्यासाठी निराळा नियम कशाला, असा यामागील विचार दिसतो. इंग्रजीस मात्र नियमात स्थान दिलेले आहे.

ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर संस्थेचे विद्यार्थी-सदस्यत्व मिळते आणि मग खऱ्या परीक्षांची मालिका सुरू होते. प्रथम मूलतत्त्वांच्या परीक्षा : संख्याशास्त्र, विमागणित आणि अर्थव्यवहार ही त्यांची तीन कुळे. त्यानंतर व्यावसायिक प्रयोगाच्या परीक्षा. त्यांत अहवाल लिहिणे आणि आपला निष्कर्ष अतज्ज्ञास समजावून सांगणे याचीही कसोटी घेतली जाते. शेवटी आयुर्विमा, आरोग्यविमा, साधारण विमा, निवृत्तिवेतन, गुंतवणूक इत्यादींपैकी निवडलेल्या शाखेच्या. एकूण सुमारे डझनभर परीक्षा होतात आणि त्या पुऱ्या होण्यास पदवीनंतरही कित्येक वर्षे जातात. पुष्कळजण मध्येच थांबतात; परंतु दोन-चार परीक्षा उत्तीर्ण झालेल्यासही विमा कंपन्यांत काम मिळू शकते.

विद्यापीठाच्या दरवाजावर गणिताची अट उघड आहे. विमागणितशास्त्र, संख्याशास्त्र किंवा गणित यांपैकी कोणताही मुख्य विषय घेऊन विज्ञानाची पदवी घ्यावयाची तर बारावीस गणित असावे लागते. संलग्न महाविद्यालयांत प्रवेश बहुधा बारावीच्या गुणांवर होतो. खाजगी विद्यापीठे आपली निराळी परीक्षा घेतात. २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट आली असून तीनुसार तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या प्रतिष्ठा पदवीस १६० ते १७६ श्रेयांक मिळवावे लागतात. मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय घ्यावयाचा असतो. येथे विद्यार्थ्यास पूर्वी नसलेली एक सोय झाली आहे : विमागणितशास्त्र या नावाची पदवी जवळपास नसली तरी मुख्य विषय संख्याशास्त्र आणि गौण विषय अर्थशास्त्र किंवा गणित अशी जोडी घेऊन त्या शास्त्राचा बहुतेक पाया घालता येतो.

तो पाया कोणता? कलन व बीजगणित, रेषीय बीजगणित, संभाव्यता, संभाव्यता-वितरणे व अनुमानशास्त्र, समाश्रयण, कालश्रेणी. जोडीस अर्थशास्त्र, हिशेबशास्त्र, वित्त आणि 'आर'सारखी एखादी संगणकभाषा. हे विषय इतर पदव्यांतही असतात. विमागणिताचे स्वतःचे म्हणता येतील असे दोनच. एक, चक्रवाढ व्याजाचा उलटा विचार. दुसरा, जगण्या-मरण्याच्या कोष्टकाचा त्याशी गुणाकार. वर्षाने मिळणारे १०० रुपये दरसाल ८ टक्के दराने आजच्या ९२ रुपये ५९ पैशांच्या बरोबरीचे होत. पण ते रुपये घेणारा वर्षअखेर हयात असेल तरच द्यावयाचे असतील, आणि त्याच्या वयाच्या शंभरांपैकी ९८ जण वर्ष पार करीत असतील, तर आजचे मूल्य ९० रुपये ७४ पैसे होते. एडमंड हॅले याने १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून जे कोष्टक बनविले त्यात हा गुणाकार प्रथम पद्धतशीरपणे केलेला दिसतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षाची जाडजूड पुस्तके याच एका गुणाकाराचा विस्तार करतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

अमेरिकेतील पद्धत तुलनेने पाहण्यासारखी आहे. तेथे विद्यार्थी प्रथम महाविद्यालयात प्रवेश घेतो आणि मुख्य विषय पुढे घोषित करतो. विमागणितशास्त्र हा मुख्य विषय मिळण्यापूर्वी कलनाच्या पहिल्या अभ्यासक्रमांत ठराविक श्रेणी मिळवावी लागते. त्यानंतर संभाव्यता, गणिती संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, हिशेब व वित्त. पदवी हाती येण्यापूर्वी व्यावसायिक संस्थेच्या संभाव्यता आणि वित्तीय गणित या पहिल्या दोन परीक्षांपैकी निदान एक उत्तीर्ण व्हावी, अशी अपेक्षा असते. म्हणजे तेथील विद्यार्थ्यास विषय पारखून पाहण्यास महाविद्यालयातील एक-दोन वर्षे मिळतात. लिंबागणेशच्या विद्यार्थ्यास ती सवड नाही. त्याचा निर्णय दहावीनंतरच्या उन्हाळ्यात, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, अकरावीचा अर्ज भरताना होऊन जातो.

आणि तो निर्णय बहुधा गणिताविरुद्ध होतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ओढीने मराठवाड्यातील हुशार मुले जीवशास्त्र घेतात आणि त्यांतील पुष्कळ गणित सोडून देतात. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणजे मग त्यांस विज्ञानाच्या ज्या वाटा उरतात त्यांत विमागणिताची वाट नसते. कला शाखेतही गणित घेता येते ही गोष्ट तर अनेक पालकांच्या गावीही नसते. एक विसंगती येथे सांगण्यासारखी आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताची दोन रूपे आहेत, एक कला व विज्ञान शाखांचे आणि दुसरे वाणिज्य शाखेचे. कलनाचा भरीव भाग पहिल्यात आहे. 'विमा आणि वार्षिकी' हे प्रकरण मात्र दुसऱ्यात आहे. ज्या विद्यार्थ्याची गणिती तयारी या शास्त्रास अधिक साजेशी, त्याने विम्याचे गणित पाहिलेले नसते. ज्याने ते पाहिलेले असते त्याचे कलन तोकडे असते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने वाणिज्याच्या पुस्तकातील ते एक प्रकरण सुटीत वाचून काढावे. ते मुळीच अवघड नाही.

गणितापेक्षाही मोठी अडचण भाषेची आहे, आणि ती केवळ 'इंग्रजी कच्चे' एवढ्याने सांगून होत नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी 'संभाव्यता' आणि 'सांख्यिकी' ही प्रकरणे मराठीत शिकून आलेला असतो. अकरावीच्या विज्ञानात माध्यम इंग्रजी होते. त्यास नव्या संज्ञा तितक्या छळत नाहीत, कारण त्या पाठ करता येतात. छळते ती वाक्यरचना. मराठीत अट आधी येते आणि फलित नंतर : 'काल पाऊस पडला असता आज पडण्याची संभाव्यता किती?' इंग्रजी प्रश्नात आजचा पाऊस आधी येतो आणि कालची अट वाक्याच्या शेपटीस, 'गिव्हन दॅट' या दोन शब्दांमागे लपून येते. गणिती चिन्हांची मांडणीही इंग्रजीच्याच क्रमाने, फलित डावीकडे आणि अट उजवीकडे अशी असते. मराठी वळणाने वाचणारा विद्यार्थी डावीकडील घटनेस अट समजतो आणि गणित उलटे सोडवितो. बहुपर्यायी परीक्षेत हे उलटे उत्तरही पर्यायांत बहुधा असतेच. तो गणितात चुकला असे गुणपत्रक सांगते. वस्तुतः तो अन्वयात चुकलेला असतो.

दुसरे उदाहरण 'अपेक्षित' या शब्दाचे. 'अपेक्षित मूल्य' ही संज्ञा पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे. मराठीत अपेक्षा ही इष्ट गोष्टीची असते. 'मुलाकडून अपेक्षा' असे आपण म्हणतो, 'अपेक्षित मृत्यू' असे सहसा म्हणत नाही. विमागणितात मात्र हाच शब्दप्रयोग पानोपानी येतो, आणि त्यात इच्छेचा लवलेशही नसतो. संभाव्यतेने गुणून केलेली सरासरी एवढाच त्याचा अर्थ. शिक्षकाने हा भेद एकदा फोडून सांगितला तर काम भागते. परंतु तो भेद आहे हे जाणवण्यासाठी त्यास मराठी वर्गात बोलण्याची मुभा असावी लागते.

या शास्त्राच्या कल्पना मराठी बोलणाऱ्यांस परक्या आहेत असे मात्र मुळीच नाही. 'विमा' आणि 'हप्ता' हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आले. त्यांपैकी हप्ता म्हणजे मूळचा आठवडा, तो मराठीत भरावयाच्या रकमेचे नाव झाला. व्यापाऱ्यांत 'जोखमी हुंडी' चालत असे : माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यावयाचे, म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदात. दरसाल मिळणाऱ्या नेमणुकीस मराठेशाहीत 'वर्षासन' म्हणत. पाठ्यपुस्तकातील 'वार्षिकी' ही त्याच कल्पनेची अर्वाचीन बहीण होय. धान्य सवाईने किंवा दिडीने देणाऱ्या सावकाराचा व्यवहार व्याजदराच्याच भाषेत मांडता येतो. सवाई म्हणजे एका हंगामास २५ टक्के, दिडी म्हणजे ५०. आणि बीड जिल्ह्यास सर्वांत जवळचा शब्द 'उचल'. ऊसतोडीस जाणारी जोडी, जिला त्या धंद्यात 'कोयता' म्हणतात, ती हंगामापूर्वी मुकादमाकडून जी रक्कम घेते ती उचल. पुढील काही महिन्यांच्या श्रमांचे ते आजचे मूल्य आहे. त्या श्रमांत आजारपण, अपघात किंवा अपुरा हंगाम येण्याची जोखीम आहे. आणि ती जोखीम आली तर बाकी जोडीच्याच अंगावर फिरते. व्याजाची वजावट, जगण्याची संभाव्यता, जोखीम कोणी उचलावयाची हा प्रश्न, असे पदवीच्या तीन वर्षांतील सारे विषय त्या एका व्यवहारात आहेत. तेथील मुलास ते व्याख्येवरून शिकावयाचे नसतात. घरात पाहिलेल्यास नाव द्यावयाचे असते.

यावरून व्यवहारातील क्रम असा सुचतो. अकरावीस गणित सोडू नये, जीवशास्त्र घ्यावयाचे असल्यास गणिताच्या जोडीने घ्यावे. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये १९५८ साली स्थापन झालेल्या, आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांपैकी संख्याशास्त्र किंवा गणित नीट शिकविले जाते अशा महाविद्यालयात पदवीस जावे. दूरच्या महागड्या पदवीपेक्षा हा मार्ग बहुतेकांस हितावह आहे, कारण व्यवसायाची उपाधी अखेरीस संस्थेच्या परीक्षांवरच अवलंबून राहते आणि त्या परीक्षा महाविद्यालयाचे नाव विचारीत नाहीत. प्रवेशपरीक्षा पदवीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी द्यावी. मूलतत्त्वांपैकी संख्याशास्त्राची पहिली परीक्षा पदवीच्या अभ्यासाशी जुळती असल्यामुळे ती आधी घ्यावी. शुल्क प्रत्येक परीक्षेस निराळे भरावे लागते, म्हणून एका वेळी एकच परीक्षा घेणे बरे. इंग्रजीची तयारी निबंध आणि म्हणी यांवर न करता गणिती प्रश्नांच्या वाक्यांवर करावी : 'निदान एक', 'फार तर दोन', 'दोहोंपैकी एकही नाही', 'असे दिले असता' या अर्थांची इंग्रजी वाक्ये वाचून त्यांचा मराठीत अन्वय लावावा, आणि मगच पेन्सिल उचलावी.

दहावीच्या विद्यार्थ्यास या शास्त्राची चव घ्यावयाची असल्यास त्याने आपल्याच मंडळाचे उंबरठा उत्पन्न काढून पाहावे. त्यास बेरीज, भागाकार आणि गुणाकार यांपलीकडे काही लागत नाही. सात वर्षांच्या पीककापणी प्रयोगांचे मंडळनिहाय आकडे कृषी खात्याच्या कचेरीतून मिळविणे एवढेच त्यातील कष्टाचे काम आहे. आणि त्यासाठी करावयाचा अर्ज मराठीतच असतो.